लाल पेन्सिलीतला श्री

'आई गेली.' फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास मृणालचा हा मेसेज माझ्या फोनवर आला, तेव्हा मी ब्रेडाच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. मृणाल म्हणजे उज्ज्वलाताईंची मुलगी, इथेच नेदरलँड्समध्ये जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत नाहीतर डचमध्ये, आणि मराठीत काही लिहिताना तर मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. त्यामुळे रोमन अक्षरांतले ते दोन शब्द बघून मला आधी कौतुकच वाटलं. ताईंना त्या दिवशी तपासणीसाठी हॉस्पिटलात जायचं होतं हे मला माहीत होतं. पोरगी कळवतेय, आई निघाली म्हणून, असं मी धरून चालले आणि टेबलाखाली फोन धरून उलट विचारलं, 'कुठे?' त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. दहा मिनिटांनी विनायकरावांचा, ताईंच्या यजमानांचा, फोन आला आणि मग मला कळलं की मी काय विचारून बसले होते... मृणालने मला कधीच माफ केलंय. माझं मला जमत नाही. आईसाठी तिने आयुष्यात पहिल्यांदा मराठी लिहिलं आणि तिला पहिलं उत्तर मी हे दिलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. मधल्या काळात आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक होऊन गेली आणि ताईंबद्दलची एक गोष्ट मला कळली, जी त्यांनी चार वर्षं माझ्यापासून लपवून ठेवली होती. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ताईंची नि माझी ओळख बटाट्यांपाशी झाली. अकरा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या नोकरीपायी ब्रेडाजवळच्या या लहानशा गावात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळी तो ऑफिसला गेला की घरात मी आणि बाहेर वारा, एवढाच कारभार होता. एक दिवस सुपरमार्केटमध्ये शिरले आणि सामानाची यादीच हरवली. बटाट्यांच्या खोक्यांपाशी उभी राहून मी कोटाचे खिसे उलटेपालटे करत होते, तेवढ्यात मागून खणखणीत मराठी आवाज आला, "हा श्री तुमचा का?" वळून बघते तर जांभळा रेनकोट घातलेली, बारीक कापलेल्या केसांची, पन्नाशीची एक बाई आणि तिच्या हातात माझी यादी. दही, कांदे, साबण, मिळाल्यास कोथिंबीर आणि या सगळ्यांच्या वर, मधोमध, दोन दोन दंडांच्या कुंपणात बसलेला श्री. कुठल्याशा ट्रॉलीत त्यांना ती सापडली होती आणि मालक शोधत त्या अख्ख्या दुकानाला फेऱ्या मारत होत्या. कुणी सत्तरीचे आजोबा असतील असं त्यांना वाटलं होतं. साबणाच्या यादीवर श्री घालणारी माझ्या वयाची बाई निघेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. तीन आठवड्यांनी घराबाहेर कुणीतरी मराठीत बोललं, म्हणून असेल, मी तिथेच रडायला लागले. ताई जराही गडबडल्या नाहीत. "आधी कोथिंबीर घेऊ," त्या म्हणाल्या, "मग रडू."

माझ्या त्या श्रीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं. माझे वडील शाळामास्तर. कोऱ्या कागदावर श्री न घालता पहिली ओळ लिहिली तर त्यांच्या लेखी तो कागद फुकट गेला. गणिताचा पेपर असो, मामाला पत्र असो की धोब्याच्या कपड्यांची टिपणं असोत, आधी श्री, मग बाकीचं. मी त्यांचंच अक्षर उचललं. वेलांटीचा दांडा ओळीच्या पार खाली उतरतो, डावीकडे वळतो आणि त्याच्या टोकाशी एक टिंब पडतं, ज्याचा व्याकरणाशी काही संबंध नाही. वडिलांचं शाईपेन गळकं होतं, त्याचं ते टिंब. मी आजही बॉलपेनने लिहिताना ते टिंब देते. तसा विचार करून देते असं नाही, हातच देतो. वडिलांचं आणखी एक सांगायचं म्हणजे दर निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची आणि घरी आले की ते आम्हाला बाद मतांच्या गोष्टी सांगायचे. कुणी मतपत्रिकेवर झोकदार सही ठोकून दिलेली असायची, तर कुणी उमेदवाराला चार ओळींचा निरोप लिहिलेला असायचा. "ओळख पटली की मत बाद," असं ते म्हणायचे. त्यामागची गुप्त मतदानाची थोरवी तेव्हा कळायची नाही, पण वाक्य मात्र मला चौथीपासून पाठ आहे.

ताईंचं नाव या गावात 'उय्याला' होतं. डच लोक ज चा य करतात, त्याला ते तरी काय करणार. पहिली काही वर्षं ताई दुरुस्ती करत राहिल्या, मग त्यांनी नाद सोडला आणि फोनवर स्वतःच 'मी उय्याला बोलतेय' म्हणायला लागल्या. त्यांचं डच शेजारणींकडून उचललेलं, बेधडक आणि व्याकरणाला भीक न घालणारं. विनायकराव रॉटरडॅमच्या बंदरात नोकरीला, सकाळी सातला घर सोडणारे. ताईंनी तो रिकामा दिवस गावाला देऊन टाकला होता. नव्याने आलेल्या मराठी पोरापोरींची सरकारी पत्रं वाचून देणं, डॉक्टरकडे सोबत जाणं, सायकल चालवायला घाबरणाऱ्या बायांना मागून धरून शिकवणं, हे त्यांचं नित्याचं. मलाही त्यांनीच शिकवली. मी त्यांना शेवटपर्यंत अहोजाहो करत राहिले आणि त्या मला अगं माधवी म्हणत ओरडत राहिल्या. भांडकुदळ म्हणाव्यात इतक्या त्या ताठ होत्या. एखाद्याचं चुकलं तर तोंडावर सांगायच्या आणि स्वतःचं चुकलं तर त्याच आवाजात तेही सांगायच्या. मला पुष्कळदा त्यांचा राग यायचा. हॉटेलवाला बिलात एखादी प्लेट लावायला विसरला तर त्या अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन सांगून यायच्या आणि मी बाहेर थंडीत कुडकुडत उभी असायचे.

निवडणुकीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका बाकापायी. बाजाराच्या चौकापासून म्हाताऱ्या माणसांच्या घरांपर्यंतचा रस्ता नवा केला, तेव्हा मधला एकुलता एक बाक काढला गेला आणि परत बसवायचा राहून गेला. ताईंची शेजारीण चाकांचा आधार ढकलत बाजाराला जायची आणि वाटेत कुणाच्या तरी कुंपणाला धरून दम खात उभी राहायची. ताईंनी नगरपालिकेला पत्रं लिहिली, त्यांना अत्यंत नम्र उत्तरं आली आणि बाक आला नाही. इथे कुणाही रहिवाशाला नगरपालिकेच्या सभेत पाच मिनिटं बोलता येतं, म्हणून मग त्या तिथे गेल्या. मी ऐकायला गेले होते. आत जाण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून भाषणाचा कागद लिहून घेतला होता, डच शब्द देवनागरीत, आणि वर अर्थातच श्री. प्रत्यक्षात त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही सगळे बसून ऐकताय," एवढंच त्या म्हणाल्या, "माझी शेजारीण उभी आहे." आणि खाली बसल्या. पाचातली चार मिनिटं उरली होती. सभागृहात हसू पिकलं, दोघाचौघांनी बाकं वाजवली आणि विषय समितीकडे गेला. तिथून तो बाहेर यायला पुढे तीन वर्षं लागली.

त्या सभेनंतर मारियान त्यांना शोधत आली. मारियान ही वाचनालयातून निवृत्त झालेली, गावातल्या एका छोट्या स्थानिक पक्षाची कार्यकर्ती. पुढच्या निवडणुकीत आमच्या यादीत नाव देशील का, असं तिने विचारलं. ताईंकडे भारतीयच पासपोर्ट होता, पण नगरपालिकेपुरतं तेवढ्याने अडत नाही. पाच वर्षं कायद्याने राहिलेल्या परदेशी माणसाला इथे मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. त्यांना यादीत अकरावा नंबर मिळाला. पक्षाचे निवडून येऊन येऊन दोन-तीन लोक येणार, म्हणजे अकरावा नंबर शोभेचाच. पण इथल्या पद्धतीत एक फट आहे. मत देताना पक्षाच्या यादीतल्या कुणा एका नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने भरायचा असतो, आणि खालच्या नंबरच्या माणसाला स्वतःच्या नावावर पुरेशी मतं पडली तर तो वरच्यांना ओलांडून आत जातो. ताईंनी त्या फटीत बोट घातलं. गावातली भारतीय घरं, शेजारणी, सायकल शिकलेल्या बाया, सगळ्यांची मिळून ती संख्या गाठणं अगदीच अशक्य नव्हतं.

करोनाच्या नियमांमुळे त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमी ओलांडून फेब्रुवारीच्या अखेरीला गेलं. शास्त्रात बसत नसलं तरी नियमात बसतं, असं ताईंचं म्हणणं. आम्ही पंधरा-वीस जणी साड्या नेसून, वरून जाडजूड कोट चढवून त्यांच्याकडे जमलो. तिळगूळ झाला, अत्तर झालं आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात ताईंनी एकेक लाल पेन्सिल ठेवली. मग जेवणाच्या टेबलावर हाताने रेघा मारून केलेली मोठी मतपत्रिका पसरली आणि आमची शाळा घेतली. गोल पुरता भरायचा, एकच भरायचा, फुली नाही, बरोबरची खूण नाही, बाकी कागदाला हात लावायचा नाही. शेवटी माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि माधवी, तिथे श्री घालू नकोस हं." बायका खो खो हसल्या. मीही हसले. मी म्हटलं, ताई, मी निवडणुकीवर ड्यूटी केलेल्या मास्तरांची मुलगी आहे, मला काय सांगता.

माझं इथलं ते पहिलं मत. गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यायामाच्या खोलीत केंद्र होतं. कपाटासारख्या आडोशात शिरून मी घडी उलगडायला लागले तर ती मतपत्रिका संपेचना. चांगली टेबलक्लॉथएवढी होती. किती याद्या, किती नावं. ताईंचं नाव शोधता शोधता मला वडील आठवले. ते आदल्याच वर्षी गेले होते आणि विमानं बंद असल्यामुळे मला जाता आलं नव्हतं. केंद्राबाहेर शाईचं बोट दाखवत उभे असलेले, दोन दिवसांच्या जागरणाने डोळे लाल झालेले वडील... माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढं मला आठवतं. नाव सापडलं, गोल भरला, कडेला कुठेही रेघ गेली नाही. बाहेर येऊन मी ताईंना फोन केला की जमलं, अगदी सुबक भरलाय. त्या म्हणाल्या, शाबास.

कुणा पक्षाला किती जागा ते रात्रीच कळलं, पण कुठल्या उमेदवाराला किती मतं याची मोजणी दुसऱ्या दिवशी क्रीडागृहात झाली. ती कुणालाही जाऊन बघता येते. ताई गेल्या होत्या, मी ऑफिसात होते. दुपारी चारला घरी आले तर त्या माझ्या दाराशी उभ्या, जांभळा रेनकोट, हातात टोपी. "थोडक्यात गेलं," असं म्हणून त्या आत आल्या. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी माझ्या गालाला हात लावला, जे त्या कधी करायच्या नाहीत, आणि म्हणाल्या, "तुझं मत पोचलं हं मला." दिवाळीचा फराळ पाठवल्यावर आपण कळवतो ना, पोचलं म्हणून, त्याच सुरात. मला हुंदका आला. "आधी चहा घेऊ," त्या म्हणाल्या, "मग रडू." चहा झाला, रडायचं राहून गेलं. समजूत घालायला बोलल्या असतील, असं धरून मी ते वाक्य सोडून दिलं.

पुढच्या वर्षी मारियानच्या पक्षाने समितीतून तो विषय बाहेर ओढला आणि बाक बसला. नगरसेवकांनी फोटो काढून घेतला. ताईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन गेल्या आणि दोघी तासभर बसून आल्या. नंतर ताईंना आजार निघाला. पोटात होता आणि कळला तोवर पसरलेला होता. उपचार सुरू झाले, अंगातली ताकद गेली, आणि मग त्याच बाकावर त्या स्वतः दम खायला बसायला लागल्या. त्याबद्दल त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, उलट बाकाची उंची दोन बोटं जास्त झालीय, नगरपालिकेला लिहायला हवं, असं मात्र दर वेळी म्हणाल्या.

शेवटच्या वर्षात त्यांचं सामान मी आणायचे. दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं, त्या सांगणार आणि मी यादी लिहिणार. लिहून झालं की त्या यादी मागून घ्यायच्या. तपासत असतील असं मला वाटायचं, पण त्यांचा अंगठा फिरत असायचा तो वरच्या श्रीवर, खालच्या त्या टिंबापर्यंत. एका शनिवारी मी घाईत होते, म्हणून यादी फोनमध्येच टाइप करायला घेतली. ताईंनी मान हलवली. "कागदावर लिही," म्हणाल्या, "आणि श्री घाल." देवाला उदबत्तीसुद्धा न लावणारी ही बाई, म्हणून मी चेष्टा केली की हे काय ताई, आता देव आठवायला लागला का. "देवासाठी नाही गं," त्या म्हणाल्या. "कुणी काही म्हणालं तरी ती सवय सोडू नकोस." मला कोण काय म्हणणार होतं? मी हो म्हटलं आणि दूध, ब्रेड, मऊ भात होईल असा तांदूळ, असं लिहायला लागले.

जानेवारीत मारियान पुन्हा आली. या खेपेला ताईंना तिने यादीतला शेवटचा नंबर देऊ केला. इथे तो मानाचा असतो. गावात नाव असलेल्या माणसाला शेवटी ठेवतात आणि त्याला यादीला खालून ढकलणारा म्हणतात. ताई उशीला टेकून बसल्या होत्या. आयुष्यभर तेच करत आलेय, असं म्हणून त्यांनी सही केली. याद्या पक्क्या झाल्या आणि त्यानंतर आठवडाभरातच ती सकाळ उजाडली, जिच्याबद्दल मी वर लिहिलंय.

अंत्यसंस्काराच्या जागी इथे कॉफी आणि केक असतो. इतक्या वर्षांनीही मला ते खपत नाही, पण ताईंना आवडायचं. रिकाम्या पोटी दुःख जास्त लागतं, असं त्या म्हणायच्या. दाराशी एक वही ठेवली होती, येणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. माझी पाळी आली. काय लिहावं सुचत नव्हतं, मी नुसतीच वाकून उभी होते, आणि भानावर येऊन बघते तर पानाच्या डोक्यावर मी श्री लिहून बसले होते. मरणाच्या कागदावर श्री घालत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोडावा तर ते आणखी वाईट. माझ्यामागे मारियान उभी होती. तिने चष्मा सारून पानाकडे पाहिलं आणि विचारलं, हे तुमच्यात सगळेच लिहितात का? मी म्हटलं, जुन्या वळणाची माणसं लिहितात. "मग हे चिन्ह मी पाहिलंय," ती म्हणाली. "उय्यालाच्या मतपत्रिकेवर."

कॉफीचा कप हातात घेऊन तिने मला जे सांगितलं, ते ती ताईंच्या सचोटीची आठवण म्हणून सांगत होती. ती कुणाला सांगतेय हे तिला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी क्रीडागृहात मोजणी चालू असताना एका टेबलावर एक मतपत्रिका निघाली. उय्यालाच्या नावापुढचा गोल सुबक भरलेला आणि कागदाच्या माथ्यावर लाल पेन्सिलीने काढलेलं एक चिन्ह, खाली लांब शेपूट, शेपटाच्या टोकाशी ठिपका. कुणालाच ते वाचता येईना. ताई बघायला उभ्या होत्या, म्हणून टेबलाच्या प्रमुखाने त्यांनाच विचारलं. ताईंनी सांगितलं, हे कुणाचं नाव नाही, शुभ असतं म्हणून आमच्याकडे कुणीही लिहितं. प्रमुख म्हणाला, मग हरकत नाही, नुसत्या चिन्हाने मत बाद होत नाही, लिहिणारा कोण हे त्यावरून कळत असेल तरच होतं. त्याने तो कागद ताईंच्या मतांच्या गठ्ठ्यावर ठेवलाही. मारियान म्हणाली, सगळे पुढच्या कागदाकडे वळले होते, पण उय्याला तिथून हलली नाही. ती त्या कागदाकडे बघत उभी राहिली. मग तिने प्रमुखाला हाक मारली आणि म्हणाली, "मला कळतं, हे कुणी लिहिलंय." कोणी, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. प्रमुखाने कागद उचलला आणि बाद मतांत टाकला.

गप्प बसणं किती सोपं होतं... बिलात राहिलेल्या प्लेटीसाठी अर्ध्या वाटेतून परत जाणारी बाई, ती कसली गप्प बसतेय. पण मला त्यांचा राग आला. त्या हॉलमध्ये, त्यांचा फोटो समोर असताना, मला त्यांचा सणसणून राग आला, आणि मग माझा स्वतःचा. नको म्हणून बजावलेलं असताना, मास्तरांची मुलगी असल्याची फुशारकी मारून, मी तेच करून आले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. डोळ्यांपुढे वडील आले होते आणि हाताने वडिलांचा श्री घातला होता. ताईंनी मला हे कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर मी पुन्हा कुठल्याही कागदावर श्री घातला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या नुसतं पोचलं म्हणाल्या. मारियानला मी विचारलं, थोडक्यात म्हणजे नेमकं किती मतांनी गेलं होतं? तिला आठवेना. नगरपालिकेच्या वेबसाइटवर सगळे आकडे आहेत, बघ म्हणाली. मी अजून बघितलेले नाहीत. तो कागद माझा होता, हेही मी तिला सांगितलं नाही. हे मराठीत लिहितेय तेच बरं.

मार्चमधल्या बुधवारी ऑफिसला जायच्या आधी मी मतदानाला गेले. तीच शाळा, तीच व्यायामाची खोली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्याच निळ्या गाद्या. कोटाच्या खिशात ताईंनी दिलेली वाणाची पेन्सिल होती. टोक करून करून आता बोटभर उरलीय. घडी उलगडली. याद्या पक्क्या झाल्यावर कुणी गेलं तर नाव छापलेलंच राहतं, त्याला दिलेलं मत पक्षाच्या खात्यात जातं, एवढं मारियानने सांगितलं होतं. तरी यादीच्या तळाशी ताईंचं नाव दिसलं आणि मृणालला जे विचारलं होतं, तेच पुन्हा तोंडात आलं, कुठे...

गोल भरला. सावकाश, कडेला धक्का न लावता भरला. मग पेन्सिल कागदाच्या माथ्याकडे निघाली आणि या खेपेला मला ते दिसत होतं. मी हात थांबवला. ओळख पटली की मत बाद, हे वडिलांचं वाक्य आठवलं. क्रीडागृहातलं टेबल आठवलं, त्या टेबलापाशी जांभळा रेनकोट घालून उभ्या असलेल्या ताई डोळ्यांपुढे आल्या. बाहेर रांग खोळंबली होती, कुणीतरी खाकरलं. मी श्री लिहिला. दोन्ही बाजूंना दोन दोन दंड घातले, वेलांटी पार खाली उतरवली, वळवली आणि टोकाशी टिंब दिलं. कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. कुणाचा तो श्री, हे सांगू शकणारं माणूस आता मोजणीच्या टेबलाशी उभं राहणार नव्हतं. माझं मत या खेपेला बाद होणार नव्हतं.